आकाश ढकलतं म्हणणारे अण्णा

दवाखान्यात नर्सनं अण्णांना वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "आजोबा, आठवड्यात दोन किलो कमी झालात." अण्णांचा एक हात तिच्या खांद्यावर होता, दुसरा माझ्या हातात. दम लागलेला, ओठ सुकलेले. तरी त्यांनी मान वाकवून खाली पाहिलं आणि म्हणाले, "मी नाय एवढा कमी झालो बाई. काटा भिंतीला घासतोय. वीतभर पुढं वढ आन् मंग बघ." तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ओढा सिस्टर, नाहीतर ते खाली उतरायचे नाहीत. तिनं हसत काटा ओढला. दोनच्या ऐवजी सव्वा किलोच कमी भरले. "सव्वा," अण्णा म्हणाले, "आता लिही." आणि मग खाटेवर येऊन असे समाधानानं पडून राहिले, जणू ते पाऊण किलो त्यांना परत मिळालं होतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी, मी कॉलेजात बारावीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत असताना विलासचा फोन आला. नवऱ्याचा आवाज मी पंचवीस वर्षं ओळखते, त्यानं नुसतं "वैशाली..." म्हटलं आणि मला कळलं. आज त्याला दीड महिना झाला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. शहरात इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीतले लोक त्यांना "विलासचे वडील" म्हणून ओळखत, पण पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आजही "काटेवाले अण्णा" म्हटलं की जुनी माणसं हात जोडतात. द्राक्षांची पॅकहाउसं, कांद्याचे व्यापारी, किराणावाले, सगळ्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. शिक्षण दहावी. तीही, त्यांच्याच शब्दांत, "ढकलत ढकलत". पण हा माणूस आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे लागला होता. वस्तू खाली का पडते? आणि पुस्तकात दिलेलं उत्तर त्यांना कधी पटलं नव्हतं.

मला हे लग्नाआधीच समजलं. आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. मी एम.एस्सी. फिजिक्स होते, आणि त्या दिवशी साडी नेसून पोहे घेऊन बाहेर आले होते. मुलाकडचे सहसा विचारतात ते प्रश्न मी पाठ करून ठेवले होते. अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पृथ्वी आपल्याला वढते, का आकाश ढकलतं?" माझ्या वडिलांना वाटलं, काही अध्यात्मातलं असेल. मी म्हटलं, "ओढते." तर अण्णा पुढे सरसावून म्हणाले, "कशानं? हात कुठं हायेत तिला? दोरी कुठं हाय?" मी म्हटलं, ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याबरोबर अण्णा मागे टेकले आणि विलासला म्हणाले, "पोरगी खरं बोलती. चालंल." माझं लग्न असं गुरुत्वाकर्षणावर ठरलं. आणि पहिल्याच भेटीत मी खरं बोलले म्हणून ज्यांनी मला पसंत केलं, त्यांच्याशीच पुढं वीस वर्षं मी खरं बोलायचं टाळत राहिले. हा लेख लिहायला बसले ती मुख्यतः हे कबूल करायला.

त्यांच्या डोक्यात हा किडा शिरला तो दुकानातच. तरुणपणी एका व्यापाऱ्यानं उत्तरेकडून घड्याळासारख्या तबकडीचा मोठा काटा आणला. तिकडून तपासून, शिक्का मारून आलेला. पिंपळगावात मात्र तो एक रेघ कमी दाखवू लागला. व्यापारी चिडला, अण्णांनी काटा सगळा उघडला, पुसला, पुन्हा जोडला. रेघ काही हलेना. शेवटी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी सहज सांगितलं की, तबकडीच्या काट्यात स्प्रिंग असते, आणि गाव बदललं, उंची बदलली की वजनच किंचित बदलतं. काटा जिथं वापरायचा तिथंच जुळवून घ्यायचा असतो. साहेब चहा पिऊन निघून गेले. अण्णांचं मात्र जेवण उडालं. "म्हंजे वजन मालात नसतंच?" ते मला सांगताना इतक्या वर्षांनीही तेवढेच चकित होत. "मी पंधरा वर्सं लोकांना सांगत होतो, ह्या पोत्याचं वजन एवढं. आन् ते त्या पोत्याचं नव्हतंच. पोत्याचं आन् गावाचं मिळून होतं!" माझ्या वर्गात हजारो मुलांनी हे वाक्य परीक्षेत लिहिलं असेल. पण ते ऐकून जेवण उडालेला माणूस मी एकच पाहिला.

मग त्यांनी स्वतःचा विचार सुरू केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पृथ्वी काही ओढत नाही. चारी दिशांनी, आकाशभरून, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी सतत आपल्यावर आदळत असतं. त्याला ते "रेटा" म्हणत. खालून येणारा रेटा पृथ्वी अडवते, वरून येणारा कुणी अडवत नाही, म्हणून आपण खाली दाबले जातो. कुणी शंका काढली की त्यांचा दाखला तयार असे. "सिंहस्थात गोदाघाटावर गर्दीत सापडलेला माणूस भिंतीला चिकटतो का नाय? मंग भिंत त्याला वढते का?" याला पटकन उत्तर सुचत नाही. मला फिजिक्स येतं आणि मलाही पहिल्या वेळी सुचलं नव्हतं. नंतर लायब्ररीत शोधलं तर हीच कल्पना अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात एकाने मांडलेली, आणि मोठमोठ्या लोकांनी तिच्यावर डोकं शिणवून अखेर ती सोडून दिलेली. असा रेटा असता तर सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी हळूहळू अडखळत थांबली असती, आणि त्या माऱ्यानं कधीच तापून लाल झाली असती. हे आक्षेप मला लग्नानंतर वर्षभरातच माहीत झाले होते. मी ते पदराखाली ठेवले आणि म्हटलं, "छान आहे अण्णा. वाचते सावकाश."

सासूबाईंना या सगळ्याचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. "पृथ्वी वढू दे नायतर ढकलू दे," त्या म्हणत, "गव्हाचा डबा गिरणीत तुम्हालाच न्यायचाय." अण्णा डबा उचलत आणि जाता जाता सांगत, "बघ, वरून किती रेटा हाय." विलासला मात्र लाज वाटायची. पाहुणे आले की तो वडिलांना हळूच विषयापासून दूर नेई. अण्णांनी आपला सिद्धांत सोळा पानांत छापून घेतला होता. ते पुस्तक त्यांनी मोठ्या संस्थांना, विद्यापीठांना, वर्तमानपत्रांना पाठवलं. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांची सगळी आशा घरातल्या एकाच माणसावर येऊन थांबली होती. घरातच फिजिक्सची बाई! दर दोन-तीन महिन्यांनी ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहत, पुस्तकाकडे न बघता भिंतीकडे बघत आणि विचारत, "झालं का गं वाचून?" मी पेपर तपासत असल्याचं सांगत असे. पेपर नसले तर काढून बसत असे. त्यांना एवढंच हवं होतं की, जाणत्या माणसानं आपलं म्हणणं नीट तोलून बघावं आणि काय भरलं ते तोंडावर सांगावं. आयुष्यभर त्यांनी लोकांसाठी दुसरं काही केलं नव्हतं.

त्यांची तोलायची एक रीत होती. साधा दांडीचा तराजू तपासायला आला की ते एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात माल घालून दांडी सरळ करायचे आणि मग दोन्हीची अदलाबदल करायचे. दांडी एका बाजूनं लांब असेल तर पहिल्यांदा सगळं बरोबर दिसतं. अदलाबदल केली की चोरी उघडी पडते. वाद घालतानाही ते तसंच करायचे. "आता तू माझ्या बाजूनं बोल, मी पुस्तकाच्या बाजूनं बोलतो," असं म्हणून ते अर्धा तास स्वतःच्या सिद्धांतावर असे तुटून पडायचे की मलाच त्याची दया यायची. मी विज्ञान शिकवते, पण स्वतःच्या आवडत्या मतावर असा उलटा तराजू धरणारे फार थोडे लोक मला भेटले आहेत, आणि त्यातले बरेचसे विज्ञान शिकवणारे नव्हते.

चार-पाच वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की आता बोलणं पुरे, मोजायचं. विचार सरळ होता. डोक्यावर डोंगर असेल तर तो वरचा रेटा थोडा अडवील; म्हणजे डोंगराच्या पोटात वजन कमी भरलं पाहिजे. तराजूचा उपयोग नाही, कारण तिथं मालाबरोबर मापही हलकं होणार. स्प्रिंगचाच काटा हवा. त्यांच्याकडे एक जुना तबकडीचा काटा होता. त्याची स्प्रिंग त्यांनी स्वतः बदललेली, आणि गारव्या-उन्हानं फरक पडू नये म्हणून आत असते ती धातूची पट्टीही स्वतःच बसवलेली. ऐन चैत्रातल्या एका सकाळी आम्ही शहराबाहेरच्या डोंगरातल्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो... विलासकडे काटा, अण्णांच्या खांद्यावर पिशवीत दहा किलोचं लोखंडी माप (ते कुणाला हात लावू देईनात), माझ्याकडे पाणी, आणि सासूबाई मागून "मोजायला एवढं वर कशाला यावं लागतं" म्हणत. बाहेर उन्हात तासभर बसून त्यांनी दहा वेळा वजन केलं. मग आत जाऊन दहा वेळा. तिथल्या पहारेकऱ्यानं विचारलं, "काय विकताय बाबा?" अण्णा म्हणाले, "विकत नाय, आकाश मोजतोय." तो बिचारा मागे सरला.

आत काटा दीड रेघ कमी दाखवत होता. दहाच्या दहा वेळा.

अण्णांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा पुन्हा कधी बघितला नाही. ते तिथंच दगडावर बसले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पुसला. विलासनं, ज्याला इतकी वर्षं लाज वाटत होती त्यानं, वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला त्या क्षणी दोन गोष्टी स्वच्छ दिसत होत्या. एक, डोक्यावरच्या डोंगरानं वजन किंचित कमी होतं हे पुस्तकातल्या ओढीनंही खरंच आहे, पण तो फरक इतका सूक्ष्म, की असल्या काट्याला शंभर जन्मांत दिसणार नाही. आणि दोन, बाहेर ऊन होतं नि आत गार. हा फरक काट्यातला होता, डोंगराचा नव्हता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वा अण्णा!" हे दोन शब्द मला अजून टोचतात.

त्या "वा"च्या बळावर त्यांनी व्याख्यान ठरवलं. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात, रविवारी सकाळी. पत्रिका छापल्या. त्यांच्यासारखेच दुसरे हौशी विचारवंत महाराष्ट्रभर असतात आणि ते एकमेकांना कसे शोधून काढतात कोण जाणे. तेही येणार होते. येवल्याहून एकनाथभाऊ नावाचे पैठणी विणणारे गृहस्थ एसटीनं यायचे होते, त्यांचा स्वतःचा वेगळाच सिद्धांत होता. व्याख्यानाच्या चार दिवस आधी अण्णा बैठकीच्या खोलीत सराव करत होते. श्रोत्यांत एकट्या सासूबाई, त्याही मेथी निवडत. अण्णा लेण्यांच्या वर्णनापर्यंत आले तसं त्या म्हणाल्या, "अहो, आत गेल्यावर गारव्यानं तुमचं गुडघं आखडलं व्हतं ना? मंग त्या काट्याचं नाय का आखडत?"

मी स्वयंपाकघरात होते. मी हातातली पळी खाली ठेवली आणि दाराशी आले. अण्णा म्हणाले, "पट्टी हाय त्याला. मी बसवलीय." सासूबाई म्हणाल्या, "गुडघ्यालाबी पट्टी हायेच की तुमच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्यासमोर आले. "वैशाली, पिंपळगावला न्हेतीस का? डोंगर नाय पन गारवा हाय, अशी जागा पायजे." मला सुट्टी होती. गाडीत काटा आणि माप घातलं आणि आम्ही हायवेला लागलो. त्यांच्या ओळखीच्या एकाचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं. बाहेर टेम्पो उभे, माणसं क्रेट उतरवत होती. अण्णांनी आधी उन्हात दहा वेळा वजन केलं. मग अंगावर घोंगडं घेऊन, काटा छातीशी धरून आत गेले. मी मागून. चहूकडे छतापर्यंत खोके, तोंडातून वाफ निघतेय, आणि हा पंच्याहत्तरीचा माणूस खोक्यांच्या मधोमध गुडघ्यांवर बसून काटा गार व्हायची वाट बघतोय. तासाभरानं त्यांनी माप ठेवलं. पाच रेघा कमी. काढलं, पुन्हा ठेवलं. पाच रेघा. दहा वेळा पुरी केल्याशिवाय ते उठले नाहीत, खरं तर दुसऱ्याच वेळी सगळं संपलं होतं. वर डोंगर नव्हता, पत्रा होता. आणि लेण्यांपेक्षा तिप्पट फरक.

परत येताना त्यांनी काटा मांडीवर घेऊन तबकडी पुसली. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याच्या काट्यावर संशय घ्यायचा माझा धंदा. आपल्या हातचा काटा म्हनून त्याच्यावर नाय घेतला." "तुला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं. खोटं बोलायची मला अजून संधी होती. का कोण जाणे, नाही बोलले. म्हटलं, "लेण्यांतच वाटलं होतं अण्णा." "मंग बोलली का नाय?" "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." त्यावर ते माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. "वाईट आत्ता वाटतंय, वैशाली," ते म्हणाले. "काट्याचं नाय. तू मला समजून घ्यायचं सोडून सांभाळून घेत व्हतीस त्याचं." मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. ते थांबले, माझं होऊ दिलं, मग पाण्याची बाटली पुढे केली. आणि म्हणाले, "आता घरापत्तूर सगळं सांग. कुठं कुठं चुकलंय ते." शहराच्या तोंडाशी आडगाव येईपर्यंत मी सगळं सांगितलं. पृथ्वी अडखळून थांबायला हवी होती ते, तापून लाल व्हायला हवी होती ते. वीस वर्षांचं साठलेलं. ते मधूनमधून "थांब" म्हणत, खिशातल्या कागदावर लिहीत, "हां, पुढं" म्हणत.

व्याख्यान रद्द करायचं विलासनं सुचवलं. अण्णा म्हणाले, "पत्रिका वाटल्यात. लोक येनार." रविवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं. काही थट्टेला आलेले, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी सिद्धांत मांडला, सगळा, अजिबात हात आखडता न घेता. गर्दीतल्या माणसाचा दाखला दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेण्यांतली दीड रेघ सांगितली, पुन्हा टाळ्या. मी खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, इथंच थांबतील, आणि थांबले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. मग ते म्हणाले, "गुरुवारी मी हाच काटा पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजात नेला. तिथं डोंगर नव्हता. द्राक्षं व्हती." लोक हसले. "पाच रेघा कमी भरलं. म्हंजे आकाश नाय, माझा काटाच गारठला. मी ज्याला पुरावा म्हनत व्हतो, तो पुरावा नाय. सिद्धांताचं म्हनाल तर त्यालाबी दोन मोठी भोकं हायेत, ती माझ्या सुनेनं दाखवली. ती तिकडं बसलीय." सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. टाळी कुणी वाजवली नाही. मला वाटतं, काय बघितलं हे कळायलाच त्यांना वेळ लागला. चाळीस वर्षं वाट बघून मिळालेल्या त्या एका तासात अण्णांनी स्वतःच स्वतःला खोडून काढलं होतं, आणि ते खाली उतरले तेव्हा लग्नातून जेवून निघालेल्या माणसासारखे प्रसन्न होते. विज्ञानाच्या मोठ्या परिषदांना मी गेले आहे. असा प्रामाणिकपणा मी तिथं पाहिला नाही, हे मी कुणाला दुखवायला नाही, खरं म्हणून लिहिते.

त्या दिवशी येवल्याचे एकनाथभाऊ उठून म्हणाले होते, "अण्णा, मंग आता पुढं काय?" अण्णा म्हणाले, "आता दुसऱ्यांचं वाचतो. माझं वाचायला कुनी नव्हतं." आणि त्यांनी खरंच वाचलं. शेवटची चार वर्षं आमच्याकडे टपालानं वह्या यायच्या. कुणाचं गुरुत्व चुंबकातून निघायचं, कुणाचं पृथ्वी फिरण्यातून, सटाण्याच्या एका निवृत्त गुरुजींचं तर उष्णतेतून. विद्यापीठं ज्यांना उत्तर देत नाहीत त्या सगळ्यांना इंदिरानगरातून पोस्टकार्ड जायचं. अण्णा एकेक वही पेन्सिल घेऊन वाचत, मला गणित विचारत, चूक कुठे आहे ते माझ्याकडून काढून घेत. पण सांगायचे ते स्वतः. फोन करून, नाहीतर माणसाला घरी बोलावून, जेवू घालून. आधी त्या माणसाचं काय बरोबर आहे ते सांगत, आणि मग सरळ, आडवळण न घेता, काय चुकलं ते. मी आतल्या खोलीत बसून ऐकायची. ते मला बोलवत, "बाहेर ये, तू सांग." मी काहीतरी निमित्त काढायची. "तोंडावर सांगायला शीक," ते म्हणत, "नायतर तुझं सगळं शिक्शान वाया." स्वतःचा रेटा त्यांनी सोडला नव्हता बरं का. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "तापायच्या मुद्द्याला उत्तर नाय सापडलं अजून. बघतो." शेवटपर्यंत बघत होते.

दशक्रिया झाल्यावर दोन आठवड्यांनी एकनाथभाऊ भेटायला आले. सासूबाईंजवळ बसले, पाणी प्याले, अण्णांच्या आठवणी काढल्या. विणकराची लांब, बारीक बोटं मांडीवरच्या पिशवीशी चाळा करत होती. अण्णांनी मागं त्यांना "पुरं लिहून आना, मंग बोलू" असं सांगितलं होतं, आणि त्यांनी वर्षभर खपून लिहून आणलं होतं. नेमके उशिरा पोचले. शंभर पानी वही. सगळं आकाश म्हणजे मागावर ताणलेले धागे, आणि जड वस्तू त्या धाग्यांना ताण देतात, असा त्यांचा विचार. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "आता कोन वाचनार," आणि उठायला लागले. मी म्हटलं, "ठेवून जा. पुढच्या रविवारी या."

मी वाचली. खरोखर वाचली, पेन्सिल घेऊन, वजाबाक्या करून, चार संध्याकाळी. तिच्यात एक जागा इतकी सुंदर होती की मी विलासला हाक मारून वाचून दाखवली. आणि बाराव्या पानावर ती मोडत होती. तिथून पुढचं सगळं त्या पानावर उभं होतं. रविवारी एकनाथभाऊ आले. सासूबाईंनी जेवायला वाढलं. मी पहिल्यांदा ती सुंदर जागा सांगितली, त्यांचे डोळे भरून आले. मग मी त्यांना आणखी भाजी वाढली. मला स्पष्ट आठवतंय, माझ्या मनात "छान आहे, अजून थोडं वाचायचंय" हे वाक्य तयार होतं. त्यांनीच विचारलं, "ताई, खरं सांगा. चुकलंय का?"

"हो," मी म्हटलं. "चुकलंय. बाराव्या पानावर. अंतर दुप्पट झालं की ओढ निम्मी होते असं तुम्ही धरलंय. ती निम्मी होत नाही, पाव होते."

त्यांचा घास हातातच राहिला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, उठून जातील हे आता... एकनाथभाऊंनी घास ताटात ठेवला, डाव्या हातानं वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "कुठं ते दावा."